आपले हायस्कूल : पालकांचे म्हणणे आणि विद्यार्थ्यांचे म्हणणे

(७ नोव्हेंबर या विद्यार्थी दिनानिमित्त मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकून म्हणून नोकरी करतो. मंडळाने माझ्यावर एक काम सोपविले होते. आपल्या भागातील जिल्हा परिषद हायस्कूलबद्दल पालकांना काय वाटते, विद्यार्थ्यांना काय वाटते, हे त्यांच्याशी बोलून समजून घ्यावे आणि ते आजच्या दिवशी सभेपुढे मांडावे. त्याप्रमाणे दिवाळीच्या सुटीत आणि रविवारी मी वस्तीत, बाजारात, एस.टी. स्टँडवर जमेल तसे लोकांशी बोललो. बँकेच्या खिडकीवरही पुष्कळ ऐकायला मिळते. मी छापील प्रश्नावली नेली नव्हती, त्यामुळे इतके टक्के असे म्हणाले, तितके टक्के तसे म्हणाले, असा हिशेब देणार नाही. जे ऐकले ते सांगतो. शाळेचे नाव मुद्दाम घेत नाही. कारण हेच बोलणे आपल्याला दारव्ह्याला ऐकू येईल, आर्णीला येईल, घाटंजीला आणि उमरखेडलाही येईल.

आजचा दिवस कशासाठी

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी हायस्कूलमध्ये भिवा रामजी आंबेडकर हा मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरमध्ये त्याचा क्रमांक १९१४ आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ साली हा दिवस विद्यार्थी दिन म्हणून जाहीर केला. विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ज्या हायस्कूलात बाबासाहेब दाखल झाले ते सरकारी हायस्कूल होते. पुढे त्याला प्रतापसिंह हायस्कूल असे नाव मिळाले आणि ते सातारा जिल्हा परिषदेकडे आले. मुंबईला गेल्यावर ते ज्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक झाले, तेही सरकारीच. म्हणजे जगातील मोठमोठ्या विद्यापीठांत जाऊन पोहोचलेला हा माणूस सरकारी हायस्कूलच्या दारातूनच आत गेला होता.

पण ते हायस्कूल कसे होते? त्याविषयी त्या विद्यार्थ्याचे स्वतःचे मत आपल्याजवळ लिहिलेले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने बाबासाहेबांनी काही आठवणी लिहून ठेवल्या होत्या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने त्या १९९० मध्ये पुस्तिकारूपाने छापल्या. वर्गात वेगळे बसावे लागे, बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, आणि तहान लागली तरी शिपाई नळ सोडील तेव्हाच पाणी मिळे, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. शिपाई नसला तर पाणी नाही. शाळेचा निकाल काय लागला किंवा इमारत केवढी होती, याबद्दल त्या मुलाच्या मनात काही राहिले नव्हते. राहिले ते पाणी आणि गोणपाट. म्हणून मला असे वाटते की, शाळा कशी आहे हे विचारायचे तर आधी त्या शाळेत बसणाऱ्या मुलाला विचारले पाहिजे. आपण मात्र ते सहसा विचारत नाही.

पालक काय म्हणतात

पालकांचे पहिले म्हणणे इंग्रजीचे आहे. एक मजुरी करणारी बाई मला म्हणाली, "भाऊ, माह्या पोराले मराठी तं घरीच येते. शाळेत इंग्रजी आलं पाह्यजे न." याला कोणी अडाणीपणा म्हणेल. मी म्हणणार नाही. बँकेत लिपिकाच्या भरतीची परीक्षा आता मराठीतून देण्याची सोय झाली आहे. सरकारने २०२१ मध्ये १३ प्रादेशिक भाषांतून ती घेण्याचे ठरविले. परंतु त्या परीक्षेत इंग्रजीचा वेगळा भाग असतोच आणि आपली खेड्यातली मुले तिथेच मागे पडतात. त्या माउलीला परीक्षेची माहिती नसेल, पण आपल्या मुलाची अडचण कुठे होणार आहे हे तिने बरोबर ओळखले आहे.

दुसरे म्हणणे शिक्षकांचे. "गणिताचे सर बदलून गेले, दुसरे आलेच नाहीत." "विज्ञानाच्या मॅडम दोन शाळा पाहतात." "सर चांगले शिकवते, पण कधी मतदार यादीच्या कामात, तं कधी मीटिंगले." शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच शाळेबाहेरची कामे देता येतात. परंतु ही तीन कामेही काही लहान नाहीत, आणि त्यांच्याखेरीज रोज ऑनलाइन माहिती भरण्याचे काम वाढले आहे. शिक्षक वाईट आहेत असे फारच थोडे पालक म्हणाले. शिक्षक वर्गात नाहीत, हे बहुतेकांनी सांगितले. या दोन गोष्टींतला फरक आपण समजून घेतला पाहिजे.

तिसरे म्हणणे मुलींच्या पालकांचे. संडास आहे पण त्यात पाणी नाही. संध्याकाळची बस चुकली तर मुलगी घरी कशी येणार? मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमात सायकली मिळतात, शाळेच्या वेळेच्या गाड्याही आहेत. हे सर्व चांगलेच आहे. परंतु गाडी आली नाही त्या दिवशी पास दाखवायचा कोणाला, असा प्रश्न एका बापाने मला केला.

चौथे म्हणणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. "आमाले कोणी विचारतच नाही." पालक सभेची चिठ्ठी येते आणि सभा सकाळी अकरा वाजता असते. कापूस वेचणीच्या दिवसांत अकरा वाजता शाळेत जायचे म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून मजूर पालक सभेला येत नाहीत, आणि "पालकांना मुलांची काळजीच नाही" असा शेरा मात्र त्यांच्या नावे लिहिला जातो.

हायस्कूलच्या बाजूनेही पालक बोलले. फी नाही. मैदान मोठे आहे. शिक्षक डी.एड., बी.एड. झालेले, नियमाने नेमलेले आहेत. सरांना घरची परिस्थिती माहीत असते. आपल्या गावात नव्याने निघालेल्या पुष्कळ शाळांना हे लागू पडत नाही. एक वृद्ध गृहस्थ, ते स्वतः याच हायस्कूलात शिकले, म्हणाले, "आमच्या टायमाले कलेक्टर ऑफिसातल्या बाबूचा पोरगा आन् माह्या सारखा सालदाराचा पोरगा एकाच बेंचवर बसत होता. आता त्या बेंचवर फक्त सालदाराचाच बसते."

बंधू-भगिनींनो, हे शेवटचे वाक्य मी परत सांगणार आहे. पण त्याआधी विद्यार्थ्यांचे ऐकू या.

विद्यार्थी काय म्हणतात

पालक आणि विद्यार्थी एकाच शाळेबद्दल बोलत असले, तरी दोघांचे बोलणे निराळे असते. पालक माध्यम, फी, गाडी, निकाल याबद्दल बोलतात. मुले दिवसभरात आपल्याला कसे वागवले जाते याबद्दल बोलतात.

नववीतील एक मुलगी म्हणाली, "काका, मला गणित समजते, पण सर फक्त एकदाच सांगतात. पुन्हा विचारलं तर बाकीचे हसतात." एक मुलगा म्हणाला, "प्रयोगशाळा आहे, पण कपाटाला कुलूप आहे. पुस्तकातलं चित्र पाहून प्रयोग लिहितो." कोणी सांगितले की खेळाचा तास दुसऱ्याच विषयाला जातो. कोणी वेचणीसाठी आठ दिवस घरी राहिले आणि परत आल्यावर बीजगणित पुढे गेलेले होते, ते मागचे कोणी पुन्हा घेतले नाही. एका मुलीने हळू आवाजात सांगितले की, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरण्याच्या दिवशी वर्गात जातीप्रमाणे नावे मोठ्याने वाचली जातात, ते तिला आवडत नाही. यात कोणाचा वाईट हेतू असेल असे मी म्हणत नाही. परंतु ती मुलगी काय म्हणते ते ऐका. तेच काम मुलांना एकेक करून ऑफिसात बोलावून करता येते. त्याला एक पैसाही खर्च येत नाही.

मुलांनी चांगलेही पुष्कळ सांगितले. आपल्याला आवडणाऱ्या शिक्षकाचे नाव प्रत्येकाने घेतले, आणि का आवडतात तेही सांगितले. ते सर दुसऱ्यांदा समजावून सांगतात, नावाने हाक मारतात, आजारी पडलो तर विचारतात. कोणीही इमारतीचे नाव घेतले नाही. स्मार्ट टी.व्ही. आला आहे असे सांगणारी मुले भेटली. पण त्याच्यामुळे शाळा आवडते असे एकही मूल म्हणाले नाही.

आणखी एक गोष्ट मी नोंदवून ठेवली आहे. "तुला संधी मिळाली तर तू कॉन्व्हेंटात जाशील का?" असे मी काही मुलांना विचारले. काही हो म्हणाली, काही नाही म्हणाली. हो म्हणणाऱ्यांना कारण विचारले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "तिथं गेलं की लोक विचारतात, कोणत्या शाळेत आहे. इथं कोणी विचारत नाही." आई-वडिलांची तक्रार आहे की आपल्याला कोणी विचारत नाही. मुलाचीही तीच तक्रार आहे.

फीचा हिशेब

आता माझ्या धंद्याचे थोडे बोलतो. जून महिन्यात आमच्या बँकेत सर्वांत जास्त गर्दी असते. मृगाच्या तोंडावर शेतकऱ्याला बियाणे घ्यायचे असते, खत घ्यायचे असते, आणि त्याच पंधरवड्यात शाळेची फी भरायची असते. एक बाई सोने तारण ठेवायला आली होती. ती मला विचारत होती, "भाऊ, हे पैसे कापसाले लावू का फीले?" तिला देण्यासारखे उत्तर कोणत्याही कारकुनाजवळ नसते.

साधा हिशेब करू या. समजा, एका मुलाची खाजगी शाळेची फी, गाडी, गणवेश आणि पुस्तके मिळून वर्षाला ३०,००० रुपये होतात. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे एका मुलाच्या एका वर्षासाठी चार क्विंटल कापूस गेला, आणि तोही हमीभाव हातात पडला तर. मजुरी, बियाणे, फवारणीचा खर्च अजून वजा केलेला नाही. आपल्या कोरडवाहू जमिनीत चार क्विंटल म्हणजे काय, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

खाजगी शाळेत २५ टक्के राखीव जागांवर मोफत प्रवेश मिळतो, असे काही पालक म्हणतात. ते खरे आहे. शिक्षण हक्क कायद्यातील ही तरतूद आपल्या लोकांच्या फार उपयोगाची आहे. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द केला. परंतु पालकांनी हे लक्षात घ्यावे की हा मोफत प्रवेश आठवीपर्यंतच आहे. नववीत पूर्ण फी सुरू होते. तेव्हा पुष्कळ मुले इंग्रजी माध्यम सोडून जिल्हा परिषदेच्या हायस्कूलात परत येतात. चौदाव्या वर्षी माध्यम बदलते, मित्र बदलतात, आणि दोन वर्षांवर दहावी येऊन ठेपलेली असते.

सरकारी मदतही आठवीलाच थांबते. शाळेतील पोषण आहार आठवीपर्यंत, कायद्याने मिळणारी मोफत पुस्तके आणि गणवेश आठवीपर्यंत. शिक्षणाचा हक्क चौदा वर्षांपर्यंत. म्हणजे मूल मजुरीच्या उपयोगाचे होते नेमके त्याच वर्षी शाळा त्याचा हात सोडते. मुंबईच्या विधिमंडळात १९२७ साली शिक्षणाच्या खर्चावर बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की, प्राथमिक शाळेत आलेल्या १०० मुलांपैकी १८ च चौथीपर्यंत पोहोचतात. त्या काळी गळतीची जागा चौथीच्या आधी होती. ती आता नववीच्या दारात आली आहे. हायस्कूलचा प्रश्न म्हणूनच प्राथमिक शाळेच्या प्रश्नापेक्षा कमी नाही.

पट घटला की काय होते

आता त्या वृद्ध गृहस्थाच्या वाक्याकडे परत येतो. बेंचवर फक्त सालदाराचाच मुलगा बसतो, असे ते म्हणाले. याचा परिणाम काय होतो ते पाहू.

शाळेला किती शिक्षक द्यायचे हे पटावर ठरते. त्याला संच मान्यता म्हणतात. पट घटला की शिक्षक अतिरिक्त ठरतो, पद जाते, एकाच शिक्षकाकडे दोन-तीन विषय येतात. मग पालक म्हणतात की शिक्षकच नाहीत, आणि आणखी मुले काढून नेतात. पट पुन्हा घटतो. पटाचे निकष १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने बदलण्यात आले, तेव्हा शिक्षक संघटनांनी त्याला विरोध केला. त्यापूर्वी डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करण्याचे शासनाने ठरविले होते. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला. ज्या शाळेचा पट कमी, तिच्यावर ही टांगती तलवार असते.

मुले परत येऊ शकतात, हेही आपण पाहिले आहे. 'असर' या देशव्यापी पाहणीनुसार ग्रामीण भारतात ६ ते १४ वयाची सरकारी शाळेत जाणारी मुले २०१८ मध्ये ६५.६ टक्के होती, ती करोनानंतर २०२२ मध्ये ७२.९ टक्के झाली. आणि २०२४ मध्ये परत ६६.८ टक्क्यांवर आली. म्हणजे अडचणीच्या काळात लोक सरकारी शाळेच्या दारात आले, आणि दिवस बरे येताच निघून गेले. अडचणीत आसरा दिलेल्या शाळेत त्यांना थांबावेसे का वाटले नाही, याचा विचार शासनाने करावा आणि आपणही करावा.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी व अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद त्या शाळेतील मुलांचे आई-वडील असले पाहिजेत आणि एकूण सभासदांत निम्म्या महिला. दुर्बल घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा. शाळेचा विकास आराखडा हीच समिती तयार करते आणि अनुदानाला तो आधार धरला जातो. नववी-दहावीसाठी शाळा व्यवस्थापन व विकास समिती असते. म्हणजे आवाज उठविण्याची जागा कायद्याने दिलेली आहे. परंतु पालक म्हणून तिथे कोणाला बसता येते? ज्याचे मूल त्या शाळेत आहे त्यालाच.

आपल्या मंडळात बँकेचे लोक आहेत, एस.टी.चे आहेत, महसूल खात्याचे आहेत, शिक्षकही आहेत. अर्ज कसा लिहावा, माहिती कशी मागवावी, साहेबासमोर कसे बोलावे हे आपल्याला येते. आपल्यापैकी बहुतेकांची मुले त्या हायस्कूलात नाहीत. कोणी आपले मूल कुठे शिकवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे आणि मी त्याबद्दल कोणालाही दोष देणार नाही. परंतु परिणाम असा झाला आहे की, ज्यांना बोलता येते त्यांना तिथे जागा नाही, आणि ज्यांना जागा आहे त्यांची मजुरी बुडते. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकलेल्या वर्गाबद्दल जी निराशा बोलून दाखविली, ती आपण दरवर्षी भाषणात सांगतो. ती आपल्या गावात कुठे लागू पडते, असे मला कोणी विचारले तर मी हायस्कूलच्या त्या सभेतील रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवीन.

आपल्याला काय करता येईल

अध्यक्ष महोदय, मंडळाजवळ फार पैसा नाही. म्हणून मी पैशाशिवाय किंवा थोड्या पैशात होणाऱ्या गोष्टीच सुचवितो.

पहिली गोष्ट, पालक सभा आठवडी बाजाराच्या दिवशी किंवा संध्याकाळी घ्यावी, अशी विनंती मंडळाने मुख्याध्यापकांना लेखी करावी. बाजाराच्या दिवशी मजूर माणूस गावात येतोच. मंडळाचे दोन सभासद सभेपूर्वी पालकांसोबत बसतील, त्यांचे म्हणणे कागदावर उतरवून देतील. बोलायचे मात्र पालकांनीच.

दुसरी गोष्ट, मुलांचे म्हणणे वर्षातून दोनदा नावाशिवाय लिहून घ्यावे आणि ते शिक्षकांच्या हाती सन्मानाने द्यावे. ते वर्तमानपत्रात देऊ नये. शिक्षकाला लाज आणून शाळा सुधारत नाही.

तिसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. आठवीच्या मुलांसाठी राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते, तिला एन.एम.एम.एस. म्हणतात. पालकाचे उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. ही परीक्षा फक्त शासकीय, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळेतील मुलांनाच देता येते. खाजगी विनाअनुदानित शाळेतील मुलाला ती नाही. सातवीत अनुसूचित जाती-जमातीच्या मुलाला ५० टक्के गुण पुरतात. हे किती पालकांना माहीत आहे?

पैसे मंजूर होऊनही खात्यात येत नाहीत, ही तक्रार मी खिडकीवर नेहमी ऐकतो. कारणे साधी असतात. शाळेच्या रजिस्टरमधील नाव आणि आधार कार्डावरील नाव जुळत नाही. किंवा घरच्यांनी दोन बँकांत खाती काढलेली असतात, आणि आधारशी शेवटी जे खाते जोडले त्यातच पैसे जमा होतात. पालक पहिल्या पासबुकात पाहतात आणि पैसे बुडाले म्हणतात. खाते बंद पडले असेल अशीही भीती असते. शिष्यवृत्तीसाठी काढलेली खाती व्यवहार नाही म्हणून निष्क्रिय धरू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये बँकांना सांगितले आहे, आणि ते १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी विहारात बसून ही कागदपत्रे तपासून द्यायला तयार आहे. अजून दोन-तीन जण सोबत आले तर बरे होईल.

चौथी गोष्ट, संध्याकाळची अभ्यासिका. वेचणीच्या दिवसांत बुडालेले गणित आणि कच्चे राहिलेले इंग्रजी यासाठी विहारात सात ते नऊ दिवा लागावा. आपल्यातील पदवीधर मुला-मुलींनी वार वाटून घ्यावेत. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून आणि बाकी विषय मराठीतून, अशी सेमी इंग्रजीची सोय हायस्कूलात व्हावी म्हणून पालकांकडून मागणीही जावी. त्या माउलीची इंग्रजीची इच्छा पुरी करायला दरवर्षी चार क्विंटल कापूस लागू नये.

जिल्हा परिषदेच्या शाळेत काय होऊ शकते हे दाखविणारी उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. दहा लाख डॉलरच्या त्या पुरस्काराची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. ती शाळा खेड्यातलीच होती. सगळे शिक्षक डिसले होणार नाहीत. पण मुलांनी आपल्या आवडत्या सरांची जी लक्षणे सांगितली, दुसऱ्यांदा समजावणे, नावाने हाक मारणे, आजारपणात विचारणे, त्यासाठी पुरस्काराची गरज नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एवढेच सांगतो. आपल्या शाळेबद्दल बोला. न समजलेले पुन्हा विचारा, कोणी हसले तरी विचारा. १९०० साली त्या मुलाला पाणी मागायलाही शिपायाची वाट पाहावी लागे. तुम्हाला आज प्रश्न विचारण्यासाठी कोणाची वाट पाहावी लागत नाही.

आणि सभासद बंधू-भगिनींनो, पुढची पालक सभा केव्हा आहे ते मी शाळेत विचारून आलो आहे. ती येत्या महिन्यात आहे. वेळ अजून सकाळी अकराचीच आहे. ती बदलून घेण्याचा अर्ज मी लिहून आणला आहे. सभा संपल्यावर त्यावर सह्या कराव्यात, ही विनंती. ज्यांची मुले त्या शाळेत आहेत त्यांच्या सह्या वर घ्याव्यात, आपण खाली करू.

 

जयभीम! जय भारत!